उलबोल्सून एजे आणि कडेच्या तारा

उलबोल्सून एजेंना ऐकू येईनासं झालंय, ही शंका साल्किनच्या मनात मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिरली आणि काही केल्या निघेना. दुकानात औषधं देताना, घरी पीठ मळताना ती बुटात गेलेल्या खड्यासारखी टोचत राही. बूट काढून झटकला तर काही पडत नाही, पाय घातला की खडा आहेच.

सगळं गाव त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणे. त्या कोचकोर गावच्या मुलांच्या संगीतशाळेत अडतीस वर्षं शिकवत होत्या. साल्किनची मुलगी कुंदुझ त्यांच्याकडे सहा वर्षं कोमुझ शिकत होती. कोमुझला तारा तीनच आणि पडदा एकही नाही, त्यामुळे बोट कुठे ठेवायचं हे ज्यानं त्यानं कानानंच ठरवायचं. जूनमध्ये कुंदुझची राजधानीतल्या, बिश्केकच्या निवासी संगीतशाळेची परीक्षा होती. तिथे बसवलेल्या धुना सगळेच बऱ्या वाजवतात. पोरं गळतात ती दोन ठिकाणी. कधी न पाहिलेलं पान पुढे ठेवतात, ते बघता बघता वाजवायचं; आणि भिंतीआड पियानोवर एक धून वाजते, ती ऐकून पाच रेघांवर उतरवायची. तिथे सोंग चालत नाही. कोचकोरात या दोन्ही गोष्टी शिकवणारं माणूस एकच होतं, आणि त्याच माणसाचे कान गेले असतील तर?

शंका आली ती अशी. त्या दिवशी चिखल फार होता म्हणून साल्किन लवकरच मुलीला न्यायला गेली आणि वर्गात मागच्या बाकावर बसली. कुंदुझनं एक धून संपवली. एजेंनी पुढे नवं पान ठेवलं. पानाच्या माथ्यावर तीन टिपके असतात, तिन्ही तारा कशा लावायच्या ते सांगणारे. मधली तार बहुतेक तिथेच राहते, कडेच्या दोन मात्र धुनेप्रमाणे खाली-वर कराव्या लागतात. कुंदुझ घाईत होती. खुंट्यांना हात न लावता तिनं सुरुवात केली.

साल्किनला संगीतातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण जे वाजलं ते ऐकून तिचे दात आंबले. दोन शेजारणी एकाच वेळी दोन वेगळ्या भांडणांत बोलाव्यात तसं. कुंदुझनं दचकून मान वर केली. एजेंची नजर तिच्या बोटांवर खिळलेली होती.

"पुढे, पुढे. थांबायचं नाही," एजे म्हणाल्या.

कुंदुझ शेवटपर्यंत वाजवत गेली. एजेंनी समाधानानं मान हलवली.

"शाब्बास. एकही बोट चुकलं नाही."

दोघी चिखल तुडवत घरी आल्या. फाटकापाशी साल्किननं विचारलंच, "ते बेसूर होतं ना गं?"

"हो."

"मग एजे काही बोलल्या कशा नाहीत?"

कुंदुझ बुटाचा चिखल दगडावर घासत राहिली. "त्यांना मधली तार ऐकू येते, आई. कडेच्या नाही येत. शरद ऋतूपासून असंच आहे."

"आणि तू मला आता सांगतेस?"

"थोरामोठ्यांचं उणं काढायचं नाही, असं तूच सांगतेस की."



त्यानंतर साल्किनला जागोजागी पुरावे दिसायला लागले. औषधाच्या दुकानात शेजारची साबिरा आली, खोकल्याचं औषध घेतलं आणि जायचं नाव घेईना. "तुमच्या त्या एजे हल्ली फार चढल्यात हो. बाजारात तीनदा हाक मारली, वळून बघितलं नाही. फोन केला तर उचलत नाहीत. म्हातारपणी माणसाला गर्व चढतो म्हणतात ते काय खोटं?" साल्किननं औषध पिशवीत घातलं. गर्व कसला? ज्या बाईनं निम्म्या गावाच्या पोरांना ऐकायला शिकवलं, तिला आता हाक ऐकू येत नव्हती.

त्या बाईची कहाणी गावात सगळ्यांना पाठ. त्या स्वतःच दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायच्या. आईबापांना ही पाचवी मुलगी. आता तरी मुलगा होवो म्हणून नावच तसं ठेवलं, उलबोल्सून, मुलगा होवो. "माझ्यामागून आणखी दोघी आल्या," एजे सांगायच्या. "म्हणजे नावानं काही होत नाही. नाव कागदावर असतं. कागद वाचायचा, पण त्याच्यावर डोळे मिटून भरवसा नाही ठेवायचा."

बाप मेंढपाळ. उन्हाळाभर सोन-कुलच्या कुरणावर. संध्याकाळी घोडीचं दूध काढून झालं की जर्दाळूच्या लाकडाची कोमुझ मांडीवर घ्यायचा. सात मुलींतली ही एकटी समोर बसून त्याचा हात बघायची. दिवसा तोच हात मेंढीच्या पाठीवर वाजवून बघायची. पंधराव्या वर्षी कुणीतरी तिला शहरातल्या संगीतशाळेत नेऊन घातलं. तिथे पुढे पान आलं. पान म्हणजे तिला कुंपणावर बसलेल्या चिमण्या. पण पोर हुशार. शेजारच्या मुलीला म्हणायची, "तू एकदा वाजव ना, तुझं फार छान येतं." एकदा ऐकलं की झालं. पानाकडे बघत, वेळेवर उलटत, अगदी वाचल्यासारखं वाजवायची. महिनाभर कुणाला पत्ता नाही. मग एक दिवस मास्तरांनी काही न बोलता स्टँडवरचं पान उलटं करून ठेवलं, डोकं खाली पाय वर. उलबोल्सूननं त्या उलट्या पानाकडे बघत अख्खी धून बिनचूक वाजवली. वर्ग हसून हसून बाकाखाली.

"त्या दिवशी मी घरी पळून जाणार होते," एजे सांगायच्या. "पण बस गेली होती. म्हणून शिकले."

त्यांना वाचायला शिकवलं ते आईच्या सुईनं. आई लोकरीचे नमदे शिवायची. सुट्टीत एजे शेजारी बसल्या असताना त्यांच्या लक्षात आलं, आई सुई टोचते तिथे बघतच नाही. तिचे डोळे चार बोटं पुढे, खडूनं काढलेल्या वळणावर. "सुई असते तिथे बघायचं नसतं गं. सुई जायची असते तिथे बघायचं," आई म्हणाली. त्या एका वाक्यावर एजेंनी पुढची चाळीस वर्षं काढली. आईच्या नमद्याची एक काळी पट्टी त्यांनी कापून आणली होती, कडेला लाल टाके घातलेली. पोर पानावरचा तुकडा वाजवायला लागलं की एजे तो तुकडा पट्टीनं झाकून टाकत. वाजवतोयस ते दिसणारच नाही, बघ पुढे. पोरं रडत, पट्टी लपवून ठेवत, एकानं तर ती कुत्र्याला दिली होती. पण वर्षभरात डोळे पुढे धावायला शिकत.

आणि कानांसाठी धारेची बादली. "आज घरी जाऊन धार ऐकायची," असा अभ्यास. रिकाम्या बादलीत दूध पडतं तेव्हाचा आवाज आणि भरत आल्यावरचा. किती चढला, ते उद्या गाऊन दाखवायचं. ज्यांच्या घरी गाय नाही त्यांनी नळाखाली किटली धरायची. गावातल्या आयांनी तक्रारी केल्या की पोरं नळ बंद करत नाहीत. एजे म्हणाल्या, "पाणी परत येईल. कान आत्ता उघडला नाही तर पुन्हा येणार नाही."

अशा बाईच्या वर्गातून पोरगी काढायची?

"काढायची," साल्किनचा नवरा मेदेर जेवताना म्हणाला. तो जनावरांचा डॉक्टर. "भावना बाजूला ठेव. जून किती लांब आहे? नारिन शहरात एक मास्तर आहे, शनिवार-रविवार घेतो. मी नंबर आणलाय." त्यानं कागद फ्रीजला चिकटवला.

"आणि एजेंना काय सांगू?"

"सांग, नारिनला मावशी आजारी आहे."

"नारिनला आपली मावशी नाही."

"मग आत्या कर."

"तू मेंढ्यांशी पण असंच खोटं बोलतोस?"

"मेंढी प्रश्न विचारत नाही," मेदेर म्हणाला. मग जरा थांबून, ताटाकडे बघत, "एक सांगू? बहिरी मेंढी कळपात लवकर ओळखू येत नाही. ती बाकीच्यांकडे बघून चालते. बघून बघून इतकं सांभाळते की मालकालासुद्धा कळत नाही. कळतं ते धुकं पडल्यावर."

साल्किननं कागदाकडे पाहिलं. दोन-तीनदा हातात फोन घेतला, ठेवला. एजेंना न सांगता पोरगी काढली तर त्यांना पाठीत सुरा बसल्यासारखं होईल. सांगावं तर काय म्हणून सांगावं? शाळेत कळलं तर उद्याच्या उद्या त्यांना निवृत्तीचे फुलांचे गुच्छ देतील. आणि गप्प बसावं तर पोरीचं वर्ष जाईल. शेवटी रविवारी सकाळी तिनं कणकेचे बोर्सोक तळले, त्यांचा डबा भरला, सायीची वाटी घेतली आणि एजेंच्या घरी गेली.

एजे दार उघडेपर्यंत तिनं चार वेळा ठोठावलं. मग खिडकीसमोर जाऊन हात हलवला.

"साल्किन! ये, ये. बाहेर का उभी? दार वाजवायचं की."

चहा झाला. एजेंनी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, उजेड चेहऱ्यावर पडेल असं. साल्किनच्या आता लक्षात आलं, एजे सगळ्यांनाच तिथे बसवत. त्या ओठ वाचत होत्या. जन्मभर वाचायला शिकवलं, ते असं उपयोगी पडत होतं.

"एजे," ती म्हणाली, आणि पुढचं जे काही ठरवून आणलं होतं ते विसरली. "तुम्हाला ऐकू येतं का?"

एजेंनी बोर्सोक सायीत बुडवला, सावकाश खाल्ला.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आधी पाखरं गेली. मग दाराची घंटा. मग पोरांच्या कडेच्या तारा. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी वर्गात होते."

"हं. पण माझं काम अडत नाही गं. पान समोर आलं की मला ऐकू येतं. डोळ्यांनी. खरं सांगते, आतमध्ये वाजतं, स्वच्छ. पूर्वीपेक्षा स्वच्छ, खोकणारं कुणी नाही ना! आणि पोराचं बोट बघितलं की कुठे चुकलं ते कळतं. बोट खोटं बोलत नाही."

"बोट नाही बोलत, एजे." साल्किननं कप बाजूला सारला. "पण तार बोलते. त्या दिवशी कुंदुझनं कडेच्या तारा लावल्याच नव्हत्या. आधीच्या धुनेच्याच ठेवल्या होत्या. बोटं सगळी बरोबर, आणि वाजलं ते सगळं चूक. तुम्ही शाब्बास म्हणालात."

एजेंनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, कलंडून राहिला.  साल्किनला वाटलं, उठून जावं, पळावं, नारिनची आत्या बरी होती.

"तिला कळलं होतं?" एजेंनी विचारलं.

"पहिल्याच सुरांत."

"तरी वाजवत राहिली?"

"तुमचा मान राखायला."

"माझा मान!" एजे एकदम उसळल्या. "उद्या पाठव तिला. मान राखते म्हणे. माझा मान राखायला स्वतःचे कान मोडते, गाढव!"

दुसऱ्या दिवशी साल्किन दाराबाहेरच थांबली. आतून एजेंचा आवाज कॉरिडॉरभर येत होता. ऐकू न येणारी माणसं हळू बोलत नाहीत. "न थांबता वाजव म्हटलं ते बोट घसरलं तर. तार चुकली तर थांबायचं नाही? घोड्यावर उलटं बसलीस तरी म्हणशील, एजेंनी पुढे जा सांगितलं?" मग कुंदुझच्या रडण्याचा आवाज.  मग दोघींचं हसणं. काय झालं ते साल्किनला कळलं नाही, पण फ्रीजवरच्या कागदाला तिनं आणखी एक महिना द्यायचं ठरवलं.

त्या महिन्यात वर्ग उलटा झाला. आता एजे विचारत आणि कुंदुझनं सांगायचं. पान आलं की आधी माथा वाचायचा, खुंट्या फिरवायच्या. मग वाद्य मांडीवर तसंच ठेवून अख्खं पान मनात गायचं, ओठ हलवून, म्हणजे एजेंना दिसेल. मग वाजवायचं. आणि वाजवून झाल्यावर एजे पट्टी टेबलावर आपटत.

"काय ऐकलंस?"

"दुसऱ्या ओळीत वरची तार जरा उतरली होती."

"जरा म्हणजे? गव्हाएवढी की बटाट्याएवढी?"

"गव्हाएवढी."

"लाव."

पूर्वी चूक एजे पकडत, कुंदुझ दुरुस्त करी. आता पकडायला दुसरं कुणी नव्हतंच. घरी आली की पोरगी दरवाजाच्या कुरकुरीला नावं ठेवायची, मेदेरच्या गाडीचा हॉर्न कुठल्या सुरात आहे ते पानावर लिहायची. "बाबा, तुझ्या गाडीचा हॉर्न दर आठवड्याला खाली उतरतोय." मेदेरनं बॅटरी तपासली, खरंच मरायला आली होती. तेव्हापासून नारिनच्या मास्तरांचं नाव त्यानं काढलं नाही. कागद मात्र फ्रीजवरच होता. साल्किनला अजून धाकधूक होती. घरचे हॉर्न ओळखणं वेगळं, परक्या लोकांपुढे परकं पान वेगळं.

दरम्यान तिनं एजेंपाशी यंत्राचा विषय काढला. तिची कॉलेजातली मैत्रीण स्वेता किम बिश्केकला कानाच्या दवाखान्यात कामाला होती. तपासतील, कानात बसणारं छोटं यंत्र देतील.

"तो भुंगा?" एजेंनी हात झटकला. "माझ्या बहिणीला दिला होता. कोबी चिरला तरी तिला घर पडल्यासारखं वाटायचं. ड्रॉवरमध्ये ठेवलाय तिनं. माझं आत वाजतंय ते बरंय."

मेच्या शेवटच्या शनिवारी एजेंनी मायलेकींना घरीच बोलावलं. टेबलावर जुनी वही होती, कडा पिवळ्या झालेली.

"कुंदुझ, तू माझ्याकडची सगळी पानं वाजवलीस. न पाहिलेलं पान आता शाळेत उरलं नाही. हे पान माझ्या बापाच्या धुनेचं आहे. विसाव्या वर्षी, तो गेला त्या हिवाळ्यात, आठवून आठवून लिहिलं. कुणाला दिलं नाही. ही धून आता जगात कुणाला येत नाही, त्यामुळे कुणाला 'एकदा वाजव ना' म्हणायची सोय नाही." असं म्हणून त्यांनी काळी पट्टी हातात घेतली. "मी परकी बाई आहे असं समज. बस."

कुंदुझनं पानाचा माथा पाहिला. कपाळाला आठी पडली. अशा लावलेल्या तारा तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. खुंट्या फिरवल्या, ऐकलं, पुन्हा फिरवल्या. मग ओठ हलवत पान गायलं. साल्किननं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. पोरीनं वाजवायला सुरुवात केली तेव्हा तिला आधी काही कळेचना, आणि मग कळलं की ही टेकडी उतरणारी धून आहे, थांबत थांबत, मागे वळून बघत उतरणारी. पट्टी पुढे सरकत होती आणि कुंदुझचे डोळे पट्टीच्याही पुढे होते.

शेवटाकडे ती थांबली.

 थांबलं की परीक्षेत गुण जातात.

"एजे," कुंदुझ पानावर बोट ठेवून, ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "इथे पान चुकलंय."

"माझं पान?"

"बाकी तिन्ही वेळा ही चाल खाली येते. इथे एकदाच वर जाते. वाचलं मी बरोबर, पण कानाला खोटं वाटतं. तार बरोबर लागली आहे. मी दोनदा बघितली."

एजे वही डोळ्यांजवळ घेऊन बसल्या. ओठ हलत होते. मग त्यांचा उजवा हात हवेत उठला, मनगट वळलं. बापाचा हात त्या आठवत होत्या हे सांगायला नको होतं. हात एकदा खाली आला, एकदा वर गेला, पुन्हा खाली आला आणि अधांतरी राहिला.

"पान म्हणतं वर," त्या पुटपुटल्या. "पोरगी म्हणते खाली. मीच लिहिलं, रडत लिहिलं असेन, काय सांगावं. पुन्हा वाजव. दोन्ही तऱ्हांनी."

कुंदुझनं दोन्ही तऱ्हांनी वाजवलं. एजे पुढे वाकून बघत राहिल्या, बोटं, ओठ, तारा. मग त्यांनी हताशपणे मान हलवली आणि साल्किननं त्यांना पहिल्यांदाच लहान मुलीसारखं चिडलेलं पाहिलं.

"आत दोन्ही वाजतात! पान बघितलं की वरचं वाजतं, हिच्याकडे बघितलं की खालचं. ह्याचा निवाडा आत बसून होणार नाही. बाहेरून ऐकायला पाहिजे." त्यांनी पट्टी टेबलावर आपटली. "साल्किन, तुझी ती भुंगेवाली मैत्रीण कुठे म्हणालीस?"

"बिश्केकला."

"पोरीच्या परीक्षेला तुम्ही जाणारच. गाडीत एक म्हातारी मावेल?"

"आणि थांबले त्याचं काय?" कुंदुझनं घाबरत विचारलं. "परीक्षेत थांबले तर?"

"परीक्षेत थांबू नकोस. कान सांगेल तसं वाजव, पुढे जा, आणि शेवटी उभी राहून सांग, तुमचं पान चुकलंय. गुण कापतील तर कापू देत. तिथे एक तरी कान असलेला माणूस बसला असेल." एजे हसल्या. "नसला, तर त्यालाही स्वेताकडे नेऊ."

साल्किन घरी आली. फ्रीजवरचा कागद काढला, चुरगळला नाही, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून घडी घालून मेदेरच्या कोटाच्या खिशात टाकला. मग खिडकीपाशी गेली. अंगणात कुंदुझ तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत होती, एकदा वर, एकदा खाली. आपल्याला कुठली बरोबर वाटते, साल्किननं स्वतःला विचारून पाहिलं. तिला दोन्ही आवडल्या. तिनं फोन उचलला आणि स्वेता किमचा नंबर लावला.